नव्वद मिनिटांची फाइल

साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मी ज्युनिअर म्हणून जायला लागले तेव्हा पहिले काही महिने साहेबांनी मला एकच काम दिलं होतं. नवा पक्षकार आला की त्याने आणलेली कागदांची पिशवी माझ्यापुढे यायची आणि मी त्यातून तारखा काढायच्या. खरेदीखत कधीचं, फेरफार कधी पडला, नोटीस कोणत्या दिवशी निघाली, पोचपावतीवर सही कुणाची आणि कोणत्या दिवशीची. फुलस्केप कागदाला उभी घडी घालून डावीकडे तारीख आणि उजवीकडे एका ओळीत घटना. कलमं, निवाडे यातलं काहीही त्या कागदावर येऊ द्यायचं नाही. एकदा मी उत्साहाने तळाशी मुदत कायद्याचं कलम लिहिलं, तर साहेबांनी कागद परत दिला. "अगं, दावा मुदतीत आहे की नाही हे मी विचारलेलं नाही. विचारलंय तेवढं दे."

मला ते काम कारकुनी वाटायचं. पुढे काही वर्षांनी मी न्यूयॉर्क राज्याच्या बार परीक्षेला बसले, पहिल्या खेपेला नापास झाले आणि गुणांचा कागद पुढ्यात घेऊन कारण शोधू लागले, तेव्हा साहेबांचं ते वाक्य आठवलं. मी सगळ्यात कमी पडले होते त्या भागासाठी कायदा पाठ असण्याची गरजच नव्हती. लागणारा सगळा कायदा प्रश्नपत्रिकेत छापून दिला होता. प्रश्नाचा तपशील इथे सांगता येणार नाही, परीक्षेचा तसा नियम आहे. पण चूक सांगता येते. मला एका ज्येष्ठ वकिलासाठी दोन्ही बाजू तोलून दाखवणारं टिपण करायचं होतं आणि मी आमच्या पक्षकाराच्या बाजूने आवेशाने युक्तिवाद लिहून आले होते. माझ्या मते तो चांगला युक्तिवाद होता. तो कुणी मागितलेलाच नव्हता.

हे पुस्तक त्या भागाविषयी आहे. अमेरिकेत त्याला परफॉर्मन्स टेस्ट म्हणतात. भारतातून कायद्याची पदवी घेऊन, बहुतेक वेळा वर एका वर्षाचं एलएलएम करून, दरवर्षी अनेक मराठी मुलंमुली या परीक्षेला बसतात. तयारी कशी चाललीय असं विचारलं की ती करार, मालमत्ता, पुरावा, घटना या विषयांच्या टिपणांबद्दल बोलतात. परफॉर्मन्स टेस्टचं काय, असं विचारलं की जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एक असतं : "त्यात काय वाचायचं? सगळं दिलेलंच असतं की."

आधी परीक्षेची रचना थोडक्यात सांगते. अमेरिकेत वकिलीचा परवाना राज्य देतं, पण बऱ्याच राज्यांनी 'युनिफॉर्म बार एक्झामिनेशन' ही एकच परीक्षा स्वीकारली आहे. मिसुरी आणि नॉर्थ डकोटा यांनी ती २०११ साली सुरू केली, न्यूयॉर्कने जुलै २०१६पासून. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथली बार परीक्षकांची राष्ट्रीय परिषद तिचे प्रश्न तयार करते. फेब्रुवारी आणि जुलै महिन्यांतला शेवटचा बुधवार आणि त्याच्या आदला मंगळवार असे दोन दिवस ती होते. दोनशे बहुपर्यायी प्रश्नांना ५० टक्के वजन, सहा निबंधवजा उत्तरांना ३० टक्के आणि परफॉर्मन्स टेस्टच्या दोन कामांना मिळून २० टक्के. एकूण गुण ४००, न्यूयॉर्कमध्ये उत्तीर्ण व्हायला २६६ लागतात. दोन्ही कामं एकदमच हातात येतात, वेळ तीन तास, आणि पहिल्याला किती द्यायचा व दुसऱ्याला किती हे ज्याचं त्याने ठरवायचं. दोनशे प्रश्नांसाठी महिनेच्या महिने घालवणारे विद्यार्थी या पाचव्या हिश्श्याला शेवटची एक दुपार देतात. हिशोबानेच हे चुकतं.

प्रत्येक कामाची एक पुस्तिका असते. पहिल्या पानावर वरिष्ठ वकिलाचं पत्र : आपल्याकडे अमुक पक्षकार आले आहेत, त्यांचा प्रश्न असा आहे, मला तुझ्याकडून हे हवं. त्यामागे 'फाइल'. तिच्यात पक्षकाराच्या मुलाखतीचं शब्दांकन, करार, पत्रं, पोलिसांचा अहवाल, डॉक्टरांची कागदपत्रं, कधी वर्तमानपत्राचं कात्रण, असं काहीही. मग 'लायब्ररी' : कायद्याची कलमं, नियम, दोन-तीन निवाडे. सगळं 'फ्रँकलिन' नावाच्या राज्यात घडतं आणि हे राज्य नकाशावर कुठेही नाही. शेजारची कोलंबिया आणि ऑलिम्पिया ही राज्यंही परीक्षेपुरतीच वसवलेली आहेत. फ्रँकलिनला स्वतःचं जिल्हा न्यायालय आहे, अपील न्यायालय आहे, सर्वोच्च न्यायालय आहे आणि ते संघराज्याच्या पंधराव्या सर्किटमध्ये येतं. खऱ्या अमेरिकेत क्रमांकाची सर्किटं अकराच आहेत. लायब्ररीतला निवाडा ओळखीचा वाटला तरी आपण पूर्वी वाचलेला तोच हा, असं धरून चालू नका, अशी सूचना पुस्तिकेतच छापलेली असते, कारण निवाडे परीक्षेसाठी बदललेले किंवा मुद्दाम लिहिलेले असू शकतात. मला या कल्पित राज्याचं फार कौतुक वाटतं. न्यूयॉर्कला जन्मलेला आणि कऱ्हाडला जन्मलेली, दोघांनाही फ्रँकलिन सारखंच परकं असतं.

असली परीक्षा घ्यावी हा विचार काही आकाशातून पडला नाही. अमेरिकेतली कायद्याची महाविद्यालयं अपिलाचे निवाडे वाचून कायदा शिकवतात. अपिलाच्या निवाड्यात घटना आधीच गाळून, चाळून, परिच्छेदात बसवलेल्या असतात. कागदांच्या ढिगातून ती घटना उभी कशी करायची, हे निवाड्याच्या वाचनातून शिकता येत नाही. कॅलिफोर्नियाने १९८३ साली आपल्या बार परीक्षेत परफॉर्मन्स टेस्ट आणली. १९९२ साली अमेरिकन बार असोसिएशनच्या एका समितीचा अहवाल निघाला. रॉबर्ट मॅक्रेट हे तिचे अध्यक्ष होते, म्हणून त्याला मॅक्रेट अहवाल म्हणतात. महाविद्यालय आणि व्यवसाय यांच्यातली दरी हा त्याचा विषय. वकिलाला जमायलाच हव्यात अशा दहा कौशल्यांची त्याने मांडणी केली. त्यात कायद्याचं विश्लेषण होतं, तसंच घटनांचा शोध, लेखी आणि तोंडी संवाद, पक्षकाराला सल्ला, वाटाघाटी, हाती घेतलेल्या कामाची आखणी आणि नीतीचे पेच ओळखणं हेही होतं. पुढे फेब्रुवारी १९९७मध्ये अनेक राज्यांना वापरता येईल अशी परफॉर्मन्स टेस्ट सुरू झाली. मॅक्रेट यादीतली जी कौशल्यं कागदावर तपासता येतात, तेवढी ही परीक्षा तपासते.

परवाना मिळाला, पण काम येत नाही, ही अडचण त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि तिची आपल्याला सगळ्यात ठाऊक असलेली कहाणी मुंबईत घडली. मोहनदास गांधी १० जून १८९१ रोजी लंडनला बॅरिस्टर झाले. त्या काळी बॅरिस्टरांच्या 'इन्स' या संस्थांमध्ये ठराविक सत्रं भरायची, म्हणजे तिथली ठराविक जेवणं घ्यायची आणि परीक्षा द्यायची, एवढ्यावर सनद मिळे. मुंबईत स्मॉल कॉझेस कोर्टात पहिलं काम मिळालं तेव्हा त्यांना प्रतिवादीतर्फे वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची होती. ते उभे राहिले आणि एक प्रश्नही सुचला नाही. तीस रुपये फी परत करून त्यांनी काम दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगितलं. आत्मचरित्रातला हा प्रसंग आपण गांधींच्या संकोची स्वभावाचा दाखला म्हणून सांगतो. मी तो परीक्षेच्या दोषाचा दाखला म्हणून वाचते. रोमन कायदा मूळ लॅटिनमधून वाचलेल्या माणसाला अर्ज कसा लिहायचा, दावा कसा मांडायचा हे कुणी विचारलंच नव्हतं. पुढे १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यासाठी गेले, आणि तो खटला सगळा हिशेबांचा निघाला. तेव्हा त्यांनी जमाखर्चाचं पुस्तक विकत घेऊन ते शास्त्र शिकून घेतलं, वह्या वाचल्या, पत्रव्यवहार वाचला. घटना पक्क्या हाती आल्या की कायद्याचा मोठा भाग आपसूक सुटतो, ही समज त्यांना तिथे आली. परफॉर्मन्स टेस्टची 'फाइल' म्हणजे त्याच वह्या.

आपल्याकडे आजही परवान्याच्या वाटेवर काम करता येतं का, हा प्रश्न विचारला जात नाही. १९६१च्या वकील कायद्यात सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची अट होती, ती १९७३च्या दुरुस्तीने गेली. बार कौन्सिलने १९९५मध्ये नियम करून प्रशिक्षण परत आणलं, ते १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुदीर प्रकरणात रद्द केलं. २०११पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. पण तीत शंभर बहुपर्यायी प्रश्न असतात. नोटीस लिहून दाखव, असं तिथे कुणी म्हणत नाही. कौशल्याची कसोटी बघायची झाली तर सर्वोच्च न्यायालयाच्या ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड परीक्षेकडे जावं लागतं. तिच्या चार पेपरांपैकी एक मसुदालेखनाचा असतो. पण त्या परीक्षेला बसायचं तर आधी चार वर्षं वकिली आणि वर एक वर्ष प्रशिक्षण लागतं.

अभ्यासक्रमात मात्र मसुदालेखन आहे. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांप्रमाणे दिवाणी-फौजदारी कामकाजाचे पंधरा आणि दस्तलेखनाचे पंधरा मसुदे विद्यार्थ्याने करायचे, प्रत्येकाला तीन गुण, आणि तोंडी परीक्षेला दहा. कागदावर ही योजना फार चांगली आहे. मी शिकले तिथे काय व्हायचं ते कायदा शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असेल : मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल यायचं आणि आम्ही ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचो. तीस मसुदे उतरवून माझ्या हाताला वळण लागलं ते नमुन्यांचं. "दाव्यास कारण दिनांक अमुक रोजी घडले", "सबब विनंती की", किंवा इंग्रजीत प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी नम्रपणे सादर करण्याची ती लांबलचक शब्दावली. नमुना ठाऊक असणं वाईट नाही. न्यायालयात त्याने वेळ वाचतो. पण नमुन्याच्या मागे लपायची सवय लागली की समोरच्या कागदांत काय आहे ते बघायचं राहून जातं. माझं तसं झालं होतं.

आता तयारीचं. सांगण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

वरिष्ठाचं पत्र दोनदा वाचा. पहिल्यांदा समजण्यासाठी, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. कोणता कागद तयार करायचा, तो कोण वाचणार, कोणते प्रश्न सोडवायचे आणि कोणते सोडवायचे नाहीत, हे सगळं त्यात असतं. "नुकसानीच्या रकमेवर दुसरा सहकारी काम करतोय" असं एक वाक्य असतं आणि तरीही उत्तरपत्रिकांत नुकसानीवर अर्धं पान भरलेलं असतं. "घटनांचं वेगळं कथन नको" असं असतं आणि निम्मे विद्यार्थी घटनांपासूनच सुरुवात करतात. कधी पत्राच्या मागे त्या कार्यालयाच्या लेखनपद्धतीचं आणखी एक पान जोडलेलं असतं. न्यायालयासाठी युक्तिवाद लिहायचा असेल तर उपशीर्षकं कशी हवीत तेही तिथे सांगितलेलं असतं : नुसतं 'निकाल आमच्या बाजूने लागावा' असं चालत नाही, कोणत्या घटनेला कोणता नियम लावल्यामुळे तो तसा लागावा, हे शीर्षकातच यायला हवं. हे पान पंचाहत्तराव्या मिनिटाला उघडलं तर उपयोग नाही.

मग फाइल आधी की लायब्ररी आधी, हा वाद. शिकवणाऱ्यांतही यावर दोन मतं आहेत. माझं मत स्पष्ट आहे : परीक्षेत लायब्ररी आधी. वर साहेबांचं आणि गांधींचं सांगून मी हे उलटं बोलतेय असं वाटेल. कार्यालयात फाइल आधीच वाचावी, कारण तिथे ती पुन्हा पुन्हा वाचायला महिने असतात आणि कोणता कायदा लागेल ते फाइलच सांगते. परीक्षेत फाइल एकदाच नीट वाचायला मिळते. कोणती घटना महत्त्वाची हे कळण्याआधीच ती वाचून संपली तर नेमका हवा तो कागद नजरेखालून निसटतो.

या पुस्तकातल्या तिसऱ्या सरावाचंच उदाहरण घ्या. फ्रँकलिनमधली एक भाडेकरू बाई घर सोडते, घरमालक अनामत परत देत नाही. वरिष्ठ सांगतात, बाईंना पत्र लिही, त्यांचं म्हणणं टिकेल का ते त्यांना समजेल अशा भाषेत सांग. लायब्ररीतल्या कलमाप्रमाणे भाडेकरूने ताबा सोडल्यापासून तीस दिवसांत घरमालकाने कपातीची बाबवार यादी पाठवायला हवी, नाहीतर पूर्ण अनामत परत. मुलाखतीत बाई ठामपणे सांगतात, "मी ३१ मार्चला घर सोडलं." घरमालकाचं पत्र २ मेचं. तीस दिवस ३० एप्रिलला संपतात, म्हणजे पत्र उशिराचं, बाई जिंकल्या. इथे लेखणी टेकवणारे पुष्कळ असतात. पण फाइलच्या शेवटच्या कागदात, सामानाच्या गाडीच्या पावतीमागे, बाईंनीच मालकाला पाठवलेली एक ओळ आहे : किल्ल्या आज, ४ एप्रिलला, शेजाऱ्यांकडे ठेवल्या आहेत. आणि फ्रँकलिनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा म्हणतो की किल्ल्या सोपवल्या तेव्हाच ताबा सुटतो. दुसरा निवाडा सामान हलवलं तो दिवस धरतो, बाईंना तोच हवा आहे, पण तो कोलंबिया राज्यातला आहे. फ्रँकलिनच्या न्यायालयावर तो बंधनकारक नाही. ४ एप्रिलपासून तीस दिवस ४ मेला संपतात. २ मेचं पत्र मुदतीत आलं.

मग बाई हरल्या का? घरमालकाच्या पत्रात 'साफसफाई व दुरुस्ती' म्हणून एकच ठोक आकडा आहे. पहिल्याच निवाड्याच्या एका तळटीपेत म्हटलंय की ठोक आकडा म्हणजे बाबवार यादी नव्हे. म्हणजे बाईंचं म्हणणं टिकतं, पण त्या समजतात त्या कारणाने नाही. पत्रात हे दोन्ही आलं पाहिजे, त्यांना न आवडणारं आधी, आणि सरळ. लायब्ररी आधी वाचली असेल तर 'ताबा' हा शब्द मनात ठेवून तुम्ही फाइल उघडता आणि किल्ल्यांची ओळ लगेच डोळ्यांत भरते. फाइल आधी वाचली तर ती ओळ म्हणजे नुसती सौजन्याची चिठ्ठी.

हा सराव मी भारतातून गेलेल्या काही विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतला. मुदतीचं गणित त्यांना जमलं. पत्र जमलं नाही. वकिलाने पक्षकाराला लिहायचं पत्र आपल्याकडे फारसं लिहिलंच जात नाही. पक्षकार समोर येऊन बसतो, आपण त्याला तोंडी सांगतो, आणि लिहायची वेळ येते ती विरुद्ध पक्षाला नोटीस देताना. त्यामुळे बाईंना लिहिलेल्या पत्रातही नोटिशीचा दरारा उतरला होता. एका मुलीला मी म्हटलं, हेच तुझ्या मावशीला फोनवर मराठीत समजावून सांग. तिने पाच मिनिटांत सुरेख सांगितलं : मावशी, तू म्हणतेस त्या तारखेने काम होणार नाही, पण त्याने यादी दिलेली नाही ना, तिथे आपण त्याला धरू. मी म्हटलं, आता हेच इंग्रजीत लिही. तिचं ते पत्र, तिची परवानगी घेऊन, नाव न देता, चौथ्या प्रकरणात छापलं आहे. मराठीत विचार करणं ही या परीक्षेत अडचण नाही, हे मला तिच्यामुळे नीट कळलं. अडचण आहे ती उसन्या न्यायालयीन इंग्रजीची.

वेळेबद्दल परीक्षेची स्वतःचीच सूचना अशी की साधारण निम्मा वेळ वाचन आणि आखणीला द्यावा. म्हणजे प्रत्येक कामाच्या नव्वदातली पंचेचाळीस मिनिटं काहीही न लिहिता काढायची. शेजारी बसलेला विसाव्या मिनिटाला टकटक टंकायला लागतो तेव्हा हे फार कठीण जातं. मी दुसऱ्या खेपेला आखणीचा कागद करताना तोच जुना फुलस्केप डोळ्यांसमोर आणला : उभी घडी, डावीकडे नियमाचा एकेक घटक, उजवीकडे त्यावर लागू पडणारी घटना आणि ती फाइलच्या कोणत्या पानावर आहे तो आकडा. उजवीकडे रिकामी जागा राहिली तर एक तर माझं वाचन अपुरं, नाहीतर पक्षकाराच्या बाजूत खरोखर भगदाड. दोन्ही गोष्टी वेळेत कळायला हव्यात. दोन्ही कामांच्या पुस्तिका एकदम मिळत असल्यामुळे पहिलं काम रंगलं की ते शंभर-एकशेदहा मिनिटांपर्यंत ओढलं जातं आणि दुसरं अर्धवट राहतं. नव्वदाव्या मिनिटाला हातातलं वाक्य पुरं करून दुसरं काम उघडायचं. यात तडजोड नको.

आणि सराव पूर्ण लिहूनच करायचा. 'आराखडा काढला, बाकी येतं मला' या भ्रमात मी एक जुलै घालवला. आराखडा आणि पुरा झालेला कागद यांच्या मधे जे असतं, म्हणजे घटना आणि नियम एकाच वाक्यात आणणं, विरुद्ध निवाडा टाळून न जाता त्याला सामोरं जाणं, शेवट वेळेत करणं, ते सगळं लिहितानाच शिकता येतं. सराव झाल्यावर लगेच नमुना उत्तर बघू नका. दुसऱ्या दिवशी स्वतःचा कागद वरिष्ठाच्या नजरेने वाचा : हा मला न्यायालयात जाताना हातात धरता येईल का? मगच परीक्षकांच्या टिपणाशी ताडून बघा. राष्ट्रीय परिषद आपल्या जुन्या कामांबरोबर अशी टिपणं प्रसिद्ध करत आली आहे. कोणते मुद्दे अपेक्षित होते ते त्यांत दिलेलं असतं. आठवड्याला दोन कामं, आठ आठवडे, इतकं केलं तरी हा पाचवा हिस्सा पक्का होतो. मी दुसऱ्या वेळी साधारण तेवढंच केलं होतं.

परीक्षेचं रूप बदलतंय, हेही सांगायला हवं. जुलै २०२६पासून काही राज्यांत 'नेक्स्टजेन' ही नवी बार परीक्षा सुरू करायचं परिषदेने ठरवलं, आणि तिच्यात दिलेल्या कागदांवरून काम करून दाखवण्याला आजच्याहून जास्त जागा आहे. इंग्लंडनेही २०२१पासून सॉलिसिटरांसाठी नवी पात्रता परीक्षा आणली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात सोळा कसोट्या असतात, बारा लेखी आणि चार तोंडी. पक्षकाराची मुलाखत घेणं आणि न्यायाधीशापुढे बाजू मांडणं हे तिथे प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. तिकडे जाणाऱ्या मराठी वकिलांनाही या पुस्तकातलं वाचन आणि आखणीचं प्रकरण उपयोगी पडेल, पण त्या परीक्षेत इंग्लंडचा कायदा आपल्याजवळ तयार असावा लागतो. तिथे लायब्ररी हातात मिळेल या भरवशावर जाऊ नये.

पुस्तकात बारा सराव आहेत. सगळे मी रचलेले आहेत. जुन्या प्रश्नपत्रिकांतला एकही नाही. फाइल आणि लायब्ररी इंग्रजीत आहेत, कारण परीक्षा इंग्रजीत आहे. चर्चा मराठीत आहे, कारण चूक का झाली ते माणसाला आपल्या भाषेत लवकर पटतं. पहिले चार सराव वरिष्ठासाठीच्या टिपणाचे, पुढचे तीन युक्तिवादाचे, मग दोन पक्षकाराला पत्राचे, एक करारातलं कलम सुधारण्याचा, एक साक्षीदाराच्या तपासणीची आखणी, आणि शेवटचा असा की त्यात कोणता कागद करायचा ते वरिष्ठाच्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात दडलेलं आहे. तिसरा सराव मात्र दोनदा येतो : आधी टिपण म्हणून, मग चौथ्या प्रकरणात बाईंना लिहायचं पत्र म्हणून. एकाच फाइलमधून दोन वेगळे कागद कसे निघतात ते हाताने लिहून कळावं, म्हणून तसं ठेवलं आहे.

कॅलिफोर्नियाला बसणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथे पूर्वी तीन-तीन तासांची दोन कामं असत. जुलै २०१७पासून परीक्षा दोन दिवसांची झाली आणि नव्वद मिनिटांचं एकच काम राहिलं. त्याला दोन निबंधांइतकं वजन आहे. भारतात सनद घेतलेल्या वकिलाला तिथे बसता येतं, म्हणून आपल्याकडचे बरेच जण तिकडे वळतात. त्यांनी सहावं प्रकरण आधी वाचावं आणि मग पहिल्याकडे यावं.

साहेबांना मी या पुस्तकाचं हस्तलिखित दाखवायला घेऊन गेले होते. त्यांनी प्रस्तावना बाजूला ठेवली, तिसरा सराव उघडला, चष्मा चढवला आणि मला विचारलं, "किल्ल्या शेजाऱ्यांकडे ठेवल्या म्हणतेस. शेजाऱ्यांनी मालकाला कधी दिल्या?" फाइलमध्ये त्याची तारीख नव्हती. आता घातली आहे, चौथ्या कागदाच्या मागच्या बाजूला.